चौटिकली

बिल्डिंग पाडणार म्हणून नोटीस लागली तेव्हा
सगळ्यांनी आधी कपाटं मोजली, मग भांडी.
मी दीपगृहाचा घेर मोजला.
टेम्पोच्या पुढच्या सीटवर मावेल का,
माझ्या मांडीत?

दोन हजार एकोणनव्वद तुकडे.
परवाच्या दिवाळीचा अख्खा बोनस.
"पाटल्या झाल्या असत्या तेवढ्यात," वहिनी म्हणाली,
आणि ते खरंच होतं. पण पाटल्या
एकदा घातल्या की झाल्या.
त्यांत रात्री अडीचला
"आता एकच थर, मग झोपते" असं काही नसतं.

वय त्रेपन्न. वाशीच्या मसाला मार्केटात
एका गाळ्याचे हिशेब लिहिते.
पांढऱ्या तुकड्यांवर पिवळी झाक आली की
भाऊ म्हणतो, हळद लागली तुझ्या खेळण्याला,
आणि बोलून गेल्यावर जरा गप्प होतो.
हळद नाही रे. ऊन.
खाडीकडच्या खिडकीतलं चार वाजताचं.

नावं मी ठेवली.
पुस्तिकेत नुसती चित्रं, कुणाला हाक मारायची सोय नाही.
तुकड्यावरचे गोल उंचवटे, त्या टिकल्या.
दोन वर दोन खाली, ती चौटिकली.
सपाट ते कौल.
आणि एक आहे इवलीशी, बाकदार, सोनेरी,
खोक्यात एकच येते. नथ.
मिसळणाच्या डब्यात सात वाट्या, सात जातींचे करडे.
शेजारच्या कुरियनबाई मोहरी मागायला आल्या,
झाकण उघडलं,
आणि काही न बोलता परत लावलं.

दुकानात विचारतात, मुलाला की मुलीला?
पूर्वी मी सांगायचे, भाच्याला.
भाच्याला मी कधी हात लावू दिला नाही.
हे इथे लिहून ठेवते, कारण ते चांगलं नव्हतं.

घणसोलीला भाड्याची जागा. टेम्पो जयवंत भोईरचा.
"ताय, यो काय हाय? देऊल?"
दीपगृह.
"खांदेरीचा?"
खांदेरीचाच, म्हटलं.
होतं कुठल्याशा थंड समुद्रावरचं,
पण ते त्याला कशाला.

कोपरखैरण्याच्या अलीकडे गतिरोधक, पट्टे न मारलेला.
ब्रेक लागला, आणि मनोरा
माझ्या हातांतून पुढे गेला, सावकाश,
बसल्याजागी झोपलेल्या माणसाची
मान कलंडावी तसा.

मी ओरडले नाही. वाटतं, जयवंत त्यालाच घाबरला.
टेम्पो बाजूला घेतला, मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या,
मोबाइलची बत्ती लावून सीटखाली आडवा झाला.
पाऊण तास.
मॅटखाली, गिअरच्या बुडाशी,
एक रुपया, सुकलेला झेंडू, तंबाखूची पुडी.
"यो घे. यो पन तुजाच."
एकेक तुकडा फुंकर मारून देत होता,
जाळ्यातून मासळी सोडवावी तसा, न चेपता.

सगळ्यात शेवटी एक चौटिकली. जांभळी.
माझी नाही. माझ्या दीपगृहात जांभळं काहीच नाही.
कडेला दातांचे ठसे, दुधाच्या.
कुणाची रे?
त्याने आठवून पाहिलं.
गणपतीआधी उलव्याला एक फॅमिली.
बेलापूरचे एक साहेब, कुत्र्यासकट.
एक बाई, दोन पोरं, रात्री अकराला, सामान थोडंच.
"कोन जाने," म्हणाला.

नव्या घरात अजून पंखा लागलेला नाही.
कढया खोक्यातच.
मी फरशीवर बसून पान एकपासून सुरू केलंय.
पुस्तिका पायात करडी चौटिकली मागते,
मी जांभळी लावली.
टिच्.
बाहेरून दिसणार नाही, वर अजून पुष्कळ थर यायचेत.

करडी एक उरली.
जयवंतचे चारशे द्यायचे राहिलेत.
द्यायला जाईन तेव्हा त्याच्या सीटखाली
सोडून येईन म्हणते.